पद्मा, मला अजून पटलेलं नाही

पद्मा,

काल मंगळवार होता आणि ह्याही मंगळवारी आपलं टपाल गेलं नाही. तुझ्या जाण्याची बातमी मी दोन ओळींत सगळ्यांना आधीच कळवली होती. तरी काल दुपारपर्यंत कुणी ना कुणी विचारत होतंच, की आजचा अंक आला नाही, काही अडचण आहे का. सवय असते माणसांना, दुसरं काय.

त्या दोन ओळींवर जी उत्तरं आली, ती सगळी मी अजून उघडलेली नाहीत. उघडली त्यातल्या एकात लिहिलंय, ‘बाईंनी मृत्यूवर विजय मिळवला.’ तू असतीस तर म्हणाली असतीस, विजय मिळवला, मग बाई गेल्या कुठं? दुसऱ्या एकानं तुझ्या निर्णयापासून समाजानं काय शिकावं ते व्यवस्थित परिच्छेद पाडून पाठवलंय. तिसरीला वाटतं की तू चुकलीस, पण आता बोलून उपयोग नाही. आणि मग ती दोन पानं बोललीय. मी लॅपटॉप मिटून ठेवला. मी दमलेय गं. रडून दमावं इतकं रडू काल संध्याकाळपर्यंत आलेलंच नव्हतं. लोकांची मतं वाचून, अंकात लावून, त्यांना उत्तरं देऊन दमलेय. आणि ह्या उद्योगात मला ओढलंस तूच.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि तू कॉलेजचा वार्षिक अंक घेऊन यायचीस. तुझ्या संपादकीयातलं एक वाक्य मी सुधारलं. दुसऱ्या दिवशी तू भर उन्हात छत्री आपटत आलीस.

“हे वाक्य कुणी बदललं?”

“मी. चुकलं होतं.”

“चुकलं न्हवतं. मी मुद्दाम तसं लिहिलं होतं.”

“मग मुद्दाम चुकलं होतं,” मी म्हणाले.

मालक आतून उठून आले. तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि एकदम हसलीस. घरात तेलुगू बोलणारी, भवानी पेठेत मागाच्या खटखटीत वाढलेली आणि पोरांना मराठी शिकवणारी बाई. म्हणालीस, “माझं मराठी मी कष्टानं कमावलंय, सुनंदा. तुमच्यासारखं फुकट न्हाई मिळालं. म्हणून त्याला कुणी हात लावला की मला राग येतो.” वाक्य मी पूर्ववत केलं नाही. तूही पुन्हा मागितलं नाहीस. पण त्या दिवसापासून कंबर तलावाच्या कडेनं आपण दोघी सकाळी चालायला लागलो.

निवृत्त झाल्यावर तुला फोनवरच्या ग्रुपांचा उबग आला. नात्यातला ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, गल्लीतला ग्रुप. एकदा चालता चालता थांबलीस आणि म्हणालीस, “ह्यात एकाचंही मत स्वतःचं न्हाई गं. सगळं कुणीतरी कुणाला तरी ढकललेलं. मला एक माणूस दाखव जो आठवडाभर एका गोष्टीचा विचार करून बोलतोय.” मी म्हटलं, तूच हो की तो माणूस. बोलून गेले. पुढच्याच महिन्यात तुझ्या लेकीनं हैदराबादहून तुला सगळं लावून दिलं आणि ‘मंगळवारचं टपाल’ नावाचं न्यूजलेटर सुरू झालं. आधी नातेवाईक, तुझे जुने विद्यार्थी, मग त्यांचे कोण कोण. तू लिहायचीस, मी तपासून पाठवायची.

नियम तू केलास. मत स्वतःचं पाहिजे. डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवर पाहिजे. आणि तुझा लेख संपला की खाली माझा विरोध पाहिजे. त्याला तू ‘खालची बाजू’ म्हणायचीस, चादरीला असते तशी. मी म्हटलं, आणि मला तुझं पटलं तर? म्हणालीस, “तर त्या आठवड्यात कायतरी चुकलंय असं समजायचं.”

मला पटलंच नाही फारसं कधी. शाळेतल्या गृहपाठावर पटलं नाही, लग्नातल्या डीजेवर पटलं नाही. रस्त्याकडेच्या गाड्यांवर तू लिहिलंस तेव्हा तर मी तुझ्यापेक्षा लांब उत्तर लिहिलं आणि तू ते कापलंस. मी रागानं दोन दिवस चालायला आले नाही. तिसऱ्या दिवशी तू दारात उभी. “चल. भांडायचंय तर चालत भांडू, गुडघे तरी सुटतील.”

शिवलिंगप्पांचं प्रकरण आठवतंय? तू लिहिलं होतंस, की मुलं शहरात बोलवत असताना एकट्या म्हाताऱ्यांनी गावातच राहायचं म्हणणं हा हट्ट आहे, आणि त्या हट्टाची किंमत मुली-सुना मोजतात. शेजारच्या बाईची धावपळ बघून लिहिलं होतंस. दुधनीहून एक मेल आलं. लिहिणारे तिथले तुरीचे जुने व्यापारी, बायको गेलेली, मुलगा बंगळुरात. लिहिलं होतं, ‘म्याडम, तुम्ही माझं घर बघितलेलं नाही. नियम तुमचाच आहे ना, डोळ्यांनी बघायचं?’

तू ते मेल मला तीनदा वाचायला लावलंस. मग म्हणालीस, “जाऊया.”

“कुठं?”

“दुधनीला. माणूस बरोबर बोलतोय की.”

सकाळच्या गाडीनं गेलो. शिवलिंगप्पा फाटकातच उभे. “बर्री, बर्री. या, या. खरंच आलात?” म्हणाले, आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता ते दिसत होतं. भाकरी त्यांनी स्वतः थापली होती. शेंगाची चटणी, कांदा, ताक. जेवताना ते वादाचं काही बोललेच नाहीत. दारावरून जाणारा येणारा माणूस आत डोकावून काहीतरी कानडीत विचारत होता आणि ते आतूनच उत्तर देत होते. कुणाच्या बैलाचं, कुणाच्या नातवाचं. शेवटी हात धुताना एवढंच म्हणाले, “बंगळुरात मला दिवसभर कोण हाक मारत न्हाई हो म्याडम. लेक चांगला हाय, सून चांगली हाय. पण हाक न्हाई.”

परतीच्या गाडीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. पुढच्या मंगळवारी तू लिहिलंस, ‘मागच्या वेळचं मत मी मागे घेते.’

मी खवळले. “एका माणसाच्या जेवणावर मत बदलतेस? त्या शेजारणीचं काय? तिची धावपळ खोटी होती का?”

“न्हवती.”

“मग?”

“मग काय. दोन्ही खरं असेल तर मी मोठ्यानं एकच का बोलू?”

“त्याला कच खाणं म्हणतात.”

“त्याला ऐकणं म्हणतात,” तू म्हणालीस. हा वाद आपण संपवला नाही. आधी तुझ्या बाजूनं उभे राहिलेले लोक ह्या वेळी तुझ्यावर तुटून पडले, बाईंना स्वतःचं मत नाही म्हणाले. तुला वाईट वाटलं. तू दाखवलं नाहीस, पण त्या आठवड्यात तू चालताना बोलली नाहीस. आणि मी, जी तुला कच खाल्लीस म्हणाले होते, ती त्या लोकांना एकेकाला उत्तरं देत बसले. अजून मला वाटतं, की तू शेजारणीवर अन्याय केलास. पण त्या दिवशी तू गाडीत बसलीस आणि गेलीस, त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आज बोलते. मी नसते गेले. मी घरी बसून त्यांना चोख उत्तर लिहिलं असतं.

मग तुझं दुखणं परत आलं.

पहिल्या वेळचे केमो तू दात आवळून घेतलेस. ह्या वेळी डॉक्टरांनी पुन्हा तेच सुचवलं. गुण येईलच असं सांगता येत नाही, पण आला तर वेळ मिळेल, असं म्हणाले. तू सगळं ऐकून घेतलंस. घरी आलीस, भावजींना चहा टाकायला सांगितलास आणि मला फोन केलास. “सुनंदा, येत्या मंगळवारचा विषय ठरला.”

मी आले तर तू पलंगावर मांडी घालून बसली होतीस. म्हणालीस, “मी घेणार न्हाई. आणि का घेणार न्हाई ते लिहिणार.”

“हे टपालात घालायचं नाही, पद्मा.”

“का?”

“हा विषय नाही. हे तुझं आयुष्य आहे.”

“शिवलिंगप्पांचं म्हातारपण विषय होता. शेजारणीची धावपळ विषय होती. लोकांच्या घरातली भांडीकुंडी मी चव्हाट्यावर मांडली, आणि माझ्यावर आली की विषय न्हाई?”

मग तू हळू आवाजात सांगितलंस. “मागच्या वेळी मला वाचता येत न्हवतं गं. अक्षरं नुसती पोहायची. दोन ओळी वाचल्या की मळमळायचं. तसले महिने वाढवून घेऊन काय करू? भिंत बघू?”

“घे ना औषध. घे की पद्मा. दुसऱ्यांदा तसंच होईल असं कशावरून?”

“हे असं मला सांगू नको. खाली लिही,” तू म्हणालीस. “तुझी जागा हाय तिथं.”

आणि मी लिहिलं. बाकी सगळ्या अंकांत मी ‘लेखिकेचं म्हणणं’ असं लिहायची. त्या एका अंकात मला तसं लिहिता आलं नाही. ‘पद्मा, थांबू नकोस,’ असं लिहिलं. तुला वाचता आलं नाही तर मी वाचून दाखवीन, रोज येईन, असं लिहिलं. तू ते वाचलंस, चष्मा काढलास आणि पुसत बसलीस. म्हणालीस, “आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं हेच. मुद्दा मात्र कच्चा हाय.” एक शब्दसुद्धा कापला नाहीस.

त्यानंतर जे झालं त्यानं मी थकले ती थकलेच. आपल्या टपालाला तोवर कधी आली नव्हती तेवढी उत्तरं आली. कुणी तुला शूर म्हणालं, कुणी पळपुटी. कुणी हळद सांगितली, कुणी कुठल्या डोंगरावरचा वैद्य. एका डॉक्टरबाईंनी फार सभ्यपणे लिहिलं, की तुमचं वाचून दुसरा एखादा रुग्ण, ज्याला उपचारांनी नक्की गुण येईल, तोही थांबेल, ह्याचा विचार केलात का? मग पुढच्या अंकात ते पत्र सर्वांत वर घालायला लावलंस.

मी दुपारी यायची आणि तुला एकेक वाचून दाखवायची. तू पेपर तपासल्यासारखी शेरे द्यायचीस. “मुद्दा चांगला, मांडणी ढिसाळ. पुढचं.” “ह्याला विषयच कळला न्हाई. पुढचं.” मी वाचत होते, आणि ही माणसं माझ्या मैत्रिणीनं जगावं की मरावं ह्यावर वाद घालतायत, एकमेकांना टाळ्या देतायत, हे मला सोसत नव्हतं. तुला मजा येत होती की काय, असं मला कधी कधी वाटायचं. मी एकदा तसं विचारलंही. म्हणालीस, “मजा न्हाई गं. पण एकटीनं विचार करण्यापेक्षा बरं वाटतं.” मी पुढचं पत्र उघडलं.

शिवलिंगप्पांनी मेल केलं नाही, फोनच केला. मी स्पीकरवर टाकला.

“म्याडम, औषध घ्या की. हट्ट करू नका.”

तू इतकी हसलीस की ठसका लागला. “शिवलिंगप्पा, हट्ट हा शब्द मी तुम्हाला दिला होता. परत करताय व्हय?”

“करतो की. मी एकटा राहतो म्हणून मरत न्हाई. तुमचं तसं न्हाई.” मग त्यांचा आवाज बदलला. “मंगळवार चुकवू नका एवढंच.”

मी वाट बघत होते, पद्मा. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला मत मागे घ्यायची लाज वाटत नाही हे मला ठाऊक होतं. एका जेवणावर तू बदलली होतीस. म्हणून दर आठवड्याला तुझा लेख उघडताना मला वाटायचं, की ह्यात असेल ते वाक्य. ‘मागच्या वेळचं मत मी मागे घेते.’ तू लिहायचीस भाषेवर, पोरींच्या लग्नाच्या वयावर, ओल्या शेंगांच्या भावावर. पुढं तू बोलायचीस आणि मी टिपून घ्यायची. ते वाक्य आलं नाही.

एकदाच जवळ आलीस. उशीला टेकून बसली होतीस, बाहेर ऊन रणरणत होतं. मी काहीतरी वाचत होते ते थांबवून म्हणालीस, “सुनंदा, तुझंच बरोबर असलं तर?”

हातातलं मी खाली ठेवलं. “तर काय?”

तू दाराकडं बघितलंस. “नळाचा आवाज येतोय. पाणी आलंय बघ. चार दिवसांनी आलंय, त्यांना सांग बादल्या लावायला.”

मी उठले. भावजींना सांगितलं, हंडे, बादल्या, पिंप, सगळं भरून होईपर्यंत तुला झोप लागली होती. पुन्हा तो विषय तू काढला नाहीस आणि मलाही धीर झाला नाही. तेव्हा डॉक्टरांकडं जाण्याइतका वेळ उरला होता की नाही, कुणास ठाऊक. नसेल उरला. असेलही.

शेवटच्या आठवड्यात तू मराठी सोडलंस. लेकीशी, भावजींशी तेलुगूच बोलायचीस, माझ्याशीसुद्धा. मला चार शब्द कळायचे, बाकी मी मान हलवायची. आयुष्यभर ज्या भाषेत आपण भांडलो ती तू खाली ठेवलीस आणि मी तिथं बसून राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आता ही खरंच जातेय.

काल संध्याकाळी भावजींचा फोन आला. दिवसकार्य झालं, लेक परत गेली, घरी येऊन जाल का म्हणाले. मी गेले. तुझे व्यंकटेशराव तुला माहीत आहेत, दुकानात चादर उघडून दाखवतानासुद्धा चार शब्दांच्या वर बोलत नाहीत. इतकी वर्षं मी त्या घरात येत होते, आपण दोघी तावातावानं भांडत असायचो आणि ते चहाचे कप ठेवून निघून जायचे. काल त्यांनी चहा आणला आणि समोर बसले.

“सुनंदाताई, एक विचारतो. तुम्हाला अजून वाटतं का, तिनं औषध घ्यायला पाहिजे होतं?”

इतके दिवस ह्या प्रश्नाला मी लोकांना गुळमुळीत उत्तरं दिली होती. तिचा निर्णय, तिचा अधिकार, आता ती गेली, वगैरे. गेलेल्या माणसाचं सगळंच पटलं असं म्हणायची पद्धत असते. पण त्यांच्यासमोर मला तसं बोलवेना.

“हो,” मी म्हणाले. “वाटतं. राग मानू नका.”

ते खाली बघत होते. “मलापण,” म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“मलापण वाटत होतं. पहिल्या दिवसापासनं. तिनं विचारलं होतं मला, की तुम्हाला काय वाटतं. मी म्हटलं, नी इष्टम. तुझी मर्जी. विचार करून सांगावं म्हणून तसं म्हटलं ओ. दोन दिवसांनी बोलणार होतो. तेवढ्यात तुमचं टपाल गेलं. दुकानात गिऱ्हाईक येऊन सांगायला लागलं, तुमच्या मिसेस लई धीराच्या. कुणी हात जोडले. मग मी घरी येऊन कसं म्हणू, की नको, घे औषध, मला भीती वाटतेय? एवढी लोकं तिला धीराची म्हणत होती. मी एकटाच तिचा धीर मोडणारा झालो असतो.”

तेवढं बोलून ते रडले. माझ्यासमोर, मोठ्यानं. तोवर न आलेलं रडू मला तिथं आलं.

पद्मा, तुझ्या टपालात कुणाकुणाचं मत आलं. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही त्यांचं आलं. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं आलं नाही. मी म्हणत होते ना, ह्यात घालू नको म्हणून? मला हे ठाऊक नव्हतं, मी दुसऱ्याच कारणासाठी म्हणत होते, त्यामुळं बरोबर ठरल्याचा आनंद मला नको. आणि ते बोलले असते तर तू बदलली असतीस का, ते मला सांगता येत नाही. त्यांनी काल तेही विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. त्यांना धीर वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. पण ज्या माणसानं इतके महिने गप्प राहून काढले, त्याला मी खोटं कशी सांगू?

निघताना मी म्हटलं, “भावजी, हे तुम्ही लिहा. मी पाठवते सगळ्यांना.”

“मला कुठं लिहायला येतंय.”

“मग मी लिहू?”

ते दारापर्यंत सोडायला आले. “लिहा. पण आधी तिला. मग लोकांना वाटलं तर लोकांना.”

तर आधी तुला, पद्मा. तुझ्या नवऱ्याचं मत असं आहे, की तू औषध घ्यायला हवं होतंस. मुद्दा त्यांच्याकडे एकच आहे. त्यांना तू अजून हवी होतीस.